डाव्या कोपऱ्याला सांगायचं राहिलं

ढिगाखालून ‘कबड्डी कबड्डी’ ऐकू येत होतं तोवर कुणीच हललं नाही. पंचाने शिट्टी ओठांत धरली होती, पण फुंकली नव्हती. दम चालू असेपर्यंत गडी बाद होत नाही, हे आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझा दीर खाली पालथा होता आणि त्याच्या अंगावर समोरच्या संघाचे सहा जण पडले होते. त्याचा एक हात तेवढा बाहेर होता, मध्यरेषेपासून वीतभर लांब, आणि तो हात माती ओरबाडत होता. मग हात थांबला. आवाज त्याच्यानंतर थांबला.

उलट झालं असतं तर काही वाटलं नसतं. दम सुटतो, मग गडी हात टेकतो, थुंकतो, एखादी शिवी देतो आणि कपडे झटकत उठतो. इथे हात आधी गेला आणि तोंड मागून गेलं.

शिट्टी झाली. वरचे एकेक करून उठले. सगळ्यात शेवटी त्यांचा डाव्या कोपऱ्यावरचा उठला. त्याने दिराचा घोटा अजून धरूनच ठेवला होता. ‘चल ऊठ रे,’ म्हणाला आणि सोडला. पाय ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

माझा नवरा धावत गेला. दिराच्या काखेत हात घालून त्याला बसता करायचं, तोंडावर पाणी मारायचं, आमच्याकडे एवढंच औषध होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘हात लावू नको! लांब हो!’ कंपनीचे वस्ताद खुर्चीवरून उठून दोरीखालून आत आले होते. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पांढरा इस्त्रीचा शर्ट. ते सरळ त्या मातीत पोटावर झोपले आणि दिराच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

‘ऐकू येतंय का?’

‘होय.’

‘पाय कुठे आहेत तुझे?’

‘माहीत नाही,’ दीर म्हणाला.

मी बायकांच्या रांगेतून उठून तिथपर्यंत पोचले होते, म्हणून मला हे ऐकू आलं. सासू जागची उठली नाही. 

मंडळाच्या खोलीचं दार बिजागरीतून उचकटून काढलं. वस्तादांनी चौघांना कुठे धरायचं ते सांगितलं आणि दिराला त्या दारावर सरकवलं. नाक्यावरच्या डेअरीवाल्याचा टेम्पो आला. वस्ताद मला म्हणाले, ‘पोरी, तू बस आणि दोन्ही हातांनी डोकं धर. शिंक आली तरी सोडायचं नाही.’ भांडुपहून घाटकोपरच्या इस्पितळापर्यंत आग्रा रोडला तेव्हा रस्त्यापेक्षा खड्डे जास्त होते. मी डोकं धरून बसले. नवरा समोर बसून रडत होता. त्याला मी गप्प बस म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच असं बोलले असेन.

हे का झालं ते आता सांगते.

भांडुपच्या डोंगरउतारावर आमची वाडी. सगळे कोकणातले, निम्मे तर एकाच तालुक्यातले. खाली आग्रा रोडला मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कारखाने लागलेले, आणि त्या दिवसांत प्रत्येक मोठ्या कारखान्याला आपला कबड्डीचा संघ हवा असायचा. मॅट्रिकचा कागद घेऊन दारात उभ्या राहणाऱ्याला वॉचमन हाकलायचा. चांगली चढाई करणाऱ्याला मात्र आतून बोलावणं यायचं. खेळतोस तोवर खेळ, सकाळी सरावासाठी सुट्टी, आणि गुडघे गेले की खात्यात जाऊन काम कर, पण नोकरी कायमची. आमच्या डोंगरावर त्यामुळे पोरगा अभ्यास करत नाही म्हणून आया फार ओरडायच्या नाहीत. पोरगा सरावाला गेला नाही म्हणून ओरडायच्या.

पोरं निवडायचं काम वस्तादांचं. ते स्वतः एकेकाळचे खेळाडू. मैदानं फिरायची, पोरं बघायची आणि वर साहेबाला सांगायचं, हा घ्या, हा नको. साहेबाला कबड्डीतलं काही कळत नव्हतं, पण शेवटी सही त्याची. त्यामुळे वस्तादांनी पोरगा हेरला की एक सामना ठरायचा, त्याला साहेब येऊन बसायचा, आणि मग कागद निघायचा. त्या वर्षी कंपनीला एकच चढाईवाला हवा होता. जागा एक.

माझा दीर तेव्हा मुलुंडला कॉलेजात जायचा. काय शिकायचा ते त्यालाही सांगता आलं नसतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला तर नाहीच. घरातला तो पहिला कॉलेजवाला, पण कॉलेजने त्याला घेतलं होतं ते संघासाठी. उंच, काटकुळा, चालताना झोपेत असल्यासारखा. भाकऱ्या मात्र दोन माणसांच्या खायचा. चढाईला गेला की समोरच्यांना वाटायचं ह्याला काही करायचंच नाही, आणि तेवढ्यात लांब पाय टाकून कुणाला तरी शिवून परत आलेला असायचा. मला खेळातलं तेवढंच दिसायचं.

सासरे वारलेले. माझा नवरा गिरणीत बदली कामगार होता. कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम, नाहीतर फाटकावरून परत. एका खोलीत आम्ही चार जण. दिराला ती नोकरी लागली तर घर उभं राहणार होतं, नाही लागली तर कॉलेज सोडून तोही गिरणीच्या फाटकावर जाऊन उभा राहणार होता. ह्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. अख्ख्या वाडीला माहीत होतं.

सामना ठरला घाटकोपरच्या एका मंडळाशी. नवरा आमच्या मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे सतरंज्या मोजायच्या आणि चुना आणायचा. पण सेक्रेटरी म्हटल्यावर त्याच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागायचंच. घाटकोपरच्या संघाचा कॅप्टन आमच्या शेजारच्या गावचा. त्याच्या बहिणीचं लग्न माझ्या नवऱ्याने जमवलेलं. आदल्या रविवारी हा त्याला जेवायला घेऊन आला. मी तिसरी भाकरी तव्यावर टाकली, तोवर दोघांचं बोलणं होऊन गेलं होतं.

‘पाव्हण्याचं काम म्हणजे आमचंच काम,’ कॅप्टन म्हणत होता. ‘पोरांना सांगून ठेवतो. भाऊ आत आला की जरा मागे राहायचं. मधेच दोनदा धरू, नाहीतर म्हाताऱ्या वस्तादाला वास येईल.’

‘जास्त नको,’ नवरा म्हणाला. ‘दिसायला पाहिजे की खरं आहे.’

‘अरे, सात जणांना सांगायचं ते काय अवघड? डाव्या कोपऱ्यावरचा आमचा गावी गेलाय बापाच्या वर्षश्राद्धाला. त्याच्या जागी नवा घेतलाय, तो तर मी बस म्हटलं की बसतो.’

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. गाववाल्यांनी गाववाल्याला सांभाळायचं, ही आमच्याकडे लबाडी समजतच नाहीत. लग्नाला भांडी देतात, बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात, तसंच हे.

दीर मात्र बिथरला. जेवण टाकून उठला.

‘दादा, मला लाज आणतोस काय? मी काय पांगळा आहे? मला धरून दाखव म्हणावं त्यांना!’

‘धरलं म्हणजे?’ नवरा म्हणाला. ‘एक दिवस वाईट गेला म्हणजे? पुढच्या वर्षी जागा निघेल कशावरून?’

‘नाही निघाली तर नाही.’

सासू चुलीपाशी बसली होती. ती जन्मभर मालवणीतच बोलली. ‘हय ये,’ म्हणाली. तो आला. तिने त्याचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. ‘आता सांग, दादा सांगता तसा करतलंय म्हणान.’

त्याने एकदा दादाकडे बघितलं. मग म्हणाला, ‘करतंय.’ आणि परत जेवायला बसला. तेवढ्या भांडणात भाकऱ्या गार झाल्या म्हणून मला परत भाजाव्या लागल्या.

सामन्याच्या आदल्या दिवशी मैदान केलं. ते काम सगळ्या वाडीचं. पुरुषांनी माती खणली, आम्ही बायकांनी ती चाळली. एकही खडा राहता कामा नये, कारण पडणारी आपलीच पोरं. मग पाणी मारायचं, मीठ टाकायचं, धुम्मसाने ठोकून जमीन सपाट करायची. मी त्या मातीत पायाने चाचपून तीन खडे काढले आणि बरं वाटलं. पोराला मातीतला खडा लागू नये ह्याची काळजी करणारे आम्ही.

रविवारी दुपार उतरल्यावर सामना सुरू झाला. साहेब आला, त्याला हार घातला. वस्ताद त्याच्या शेजारी बसले, खिशातून शेंगदाणे काढून खायला लागले. आणि दीर सुटला. जाईल तेव्हा कुणालातरी शिवून येई. लोक टाळ्या पिटत होते, साहेबही पिटत होता. माझ्या शेजारची म्हणाली, ‘गो, आज तुझो दीर काय खाऊन इलोहा?’ मी म्हटलं, ‘रोजचंच.’ मला एकच खटकत होतं. वस्ताद बघतच नव्हते. त्यांचं लक्ष शेंगदाण्यांच्या सालांत.

मध्यंतर झालं तेव्हा मैदानाच्या कडेला एक जण पिशव्या घेऊन आला. कोकणातून रात्रभर एसटीत बसून आलेला, केस धुळीने पांढरे. तो त्यांचा डाव्या कोपऱ्यावरचा, श्राद्धाहून परतलेला. खोलीवर गेला, तिथे कुणी नव्हतं, सगळे भांडुपला गेलेत असं कळलं, तसाच निघून आला. त्याने फळ्यावरचे गुण बघितले आणि त्याचं डोकं फिरलं. आपला संघ एवढा मागे? त्याने पिशवीतून चड्डी काढली. त्याच्या जागी खेळणारा नवा पोरगा लगेच बाहेर आला. त्याला बसायला बरंच वाटलं असेल. त्या नव्याला सगळं सांगितलेलं होतं. ह्याला सांगायचं राहिलं. कॅप्टनला वाटलं नव्या पोराने सांगितलं असेल. नव्याला वाटलं सांगायचं काम कॅप्टनचं. आणि साहेबासमोर चारचौघांत जाऊन कानात काय सांगणार?

खेळ सुरू झाला आणि दीर पहिल्याच चढाईला आत गेला. त्याला समोर कोण बदललाय ते दिसलं असणार, पण त्याला वाटलं, सगळ्यांना सांगितलंय म्हणजे ह्यालाही सांगितलंय. तो डाव्या कोपऱ्याकडे अर्धी पाठ करून उभा राहिला. एरवी असं त्याने कधी केलं नसतं. घरात सुद्धा तो दरवाज्याकडे पाठ करून बसत नसे.

डाव्या कोपऱ्यावरच्याने सूर मारला आणि घोटा धरला.

आणि बाकीचे, ज्यांना मागे राहा म्हणून सांगितलेलं होतं, तेही पडले. एकाने धरलं की उरलेले तुटून पडतात. ते सांगून थांबत नाही, पोरवयापासून अंगात मुरलेलं असतं. कॅप्टनसुद्धा पडला. तो नंतर माझ्या नवऱ्यापुढे कान धरून म्हणाला, ‘मला कळलंच नाही रे, अंगच गेलं.’ मला त्याचं खरं वाटलं.

दिरालाही त्या क्षणी वाटलं असेल, आता खरा खेळ लागला. तो दम सोडून मोकळा झाला असता तर शिट्टी झाली असती आणि एक गुण गेला असता. तो दम धरून रेषेकडे सरकत राहिला, सहा जणांना घेऊन. मान कधी वाकडी झाली ते त्यालाही कळलं नाही.

इस्पितळात त्याला सपाट झोपवला आणि डोक्याला चिमटा लावून मागे वजन सोडलं. मानेचा मणका सरकलाय, वाट बघायची, असं डॉक्टर म्हणाले. कशाची वाट ते म्हणाले नाहीत. सकाळी सासू जायची, दुपारी मी. हात थोडे हलत होते, पण वर येत नव्हते. पाय नाहीतच.

‘वहिनी, नाक खाजतंय.’

मी नाक खाजवलं.

‘जरा डावीकडे.’

‘ह्याच्यासाठी मला लग्न करून आणलं होतं काय, भावजी?’

‘दादाने कशासाठी आणलं ते त्यालाच विचारा. मला नाकासाठी हवी होती.’

असं आमचं चालायचं. रडणं मला जमत नाही आणि त्याला तर पुसायलाही येत नव्हतं.

डाव्या कोपऱ्यावरचा रोज यायचा. कामावरून सुटला की यायचा, खाटेच्या पायाशी उभा राहायचा, बसायचा नाही. पहिल्या दिवशी माझा नवरा त्याच्या अंगावर धावून गेला आणि मध्येच थांबला. काय म्हणणार? का धरलंस, असं? धरायचं हेच त्याचं काम. तो एवढंच म्हणाला, ‘मला कुणी सांगितलंच नाही हो दादा.’ आणि नवऱ्याने हात खाली घेतला. गावाहून आणलेली आमसुलं त्याने मला दिली. मी घेतली. आमसुलांनी काय केलं होतं?

एक दिवस दुपारी दीर म्हणाला, ‘वहिनी, पायावर माशी बसलीय. हाकला.’

त्याला आपले पाय दिसत नव्हते. डोकं बांधलेलं, छताकडे तोंड. मी बघितलं. उजव्या पायाच्या अंगठ्यावर माशी होती.

मी ती हाकलली नाही. आधी जाऊन नर्सला बोलावून आणलं.

त्यानंतर हळूहळू पाय परत आले, आधी उजवा, मग डावा. तो घरी आला तेव्हा काठी घेऊन आला, गळ्याला जाड पट्टा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चालेल-फिरेल, पण मैदानात पाऊल टाकायचं नाही. मान डावीकडे वळणार नाही, ती कायमची.

मग वस्ताद आमच्या घरी आले. नवऱ्याने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. मी चहा ठेवला.

वस्ताद दिराला म्हणाले, ‘तुला मी दिवाळीपासून बघतोय. तुमच्या त्या सरावाच्या मैदानामागे चहाची टपरी आहे ना, तिथे बसायचो. तुझं ठरलेलंच होतं. तो रविवार फक्त साहेबासाठी होता. तू प्रत्येक चढाईत बाद झाला असतास तरी मी साहेबाला तुझंच नाव सांगणार होतो.’

मी स्टोव्ह बारीक केला. 

नवरा म्हणाला, ‘म्हणजे तुम्हाला कळलं होतं? आम्ही काय केलं ते?’

‘तिसऱ्या चढाईला.’

‘मग थांबवलं का नाही?’

वस्तादांनी खालीच बघितलं. ‘साहेबासमोर तुमची इज्जत गेली असती. म्हटलं, खेळ खोटा असला म्हणून काय झालं, पोरगा खरा आहे. शेंगदाणे खात बसलो. थांबवायला हवा होता.’

सासूने पदर तोंडाला लावला. नवरा बाहेर जाऊन पायरीवर बसला. जेवायला बोलावलं तरी आला नाही. दीर मात्र वस्तादांना म्हणाला, ‘दिवाळीपासून म्हणजे, मुलुंडच्या सामन्यात माझे दोन गुण चोरले होते पंचाने, ते बघितलं काय तुम्ही?’ वस्ताद म्हणाले, ‘दोन नाही, एक.’ मग दोघं त्यावर वाद घालत बसले. मी चहा गाळला.

जाताना वस्ताद दाराशी थांबले. एक सांगायचं राहिलंय म्हणाले. कंपनीला जागा भरावी लागणार, नाहीतर ती दुसऱ्या खात्याला जाईल. चढाईवाला दुसरा मनासारखा नाही. पण एक पकडीवाला आहे. रात्रभर एसटीत बसून आलेला, अंग आंबलेलं, आणि समोर असा गडी, तरी पहिल्या सुराला घोटा धरला. ते ती जागा त्याला देणार होते. पण तो पोरगा हो म्हणत नव्हता.

दुसऱ्या दिवशी डाव्या कोपऱ्यावरचा स्वतः आला. आत येईना, उंबऱ्यापाशीच उभा.

‘आई, कंपनीतून बोलावणं आलंय,’ सासूला म्हणाला. ‘तुम्ही नको म्हटलात तर मी जात नाही.’

दीर आत खाटेवर होता. सासूने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग ह्याला विचारलं, ‘तू नाय घेतलंस तर ती जागा ह्याका गावतली काय?’

‘नाही.’

‘मगे घे. माका कित्याक इचारतंस?’

 तो वाकून तिच्या पाया पडायला गेला तर तिने पाय मागे घेतले.

‘घे म्हटलंय ना. पेढे मात्र हाडू नको.’

आतून दीर ओरडला, ‘आई, पेढे का नको? मी खाईन की!’

त्याने पेढे आणले नाहीत. पहिल्या महिन्यानंतर सुरमई आणून दिली. सासूने ती घेतली आणि तळली, पण स्वतः खाल्ली नाही. म्हणाली, आज सोमवार. गुरुवार होता.

दिराने कॉलेज सोडलं. खालच्या पिठाच्या गिरणीवर बसायला लागला. पट्टा गळ्यात असल्यामुळे वाकता यायचं नाही, दळण वजनाला ठेवायचं काम मालकाचा दुसरा नोकर करायचा, हा नुसता नंबर लावायचा. गिरणीवरचा माणूस म्हणजे सगळा पांढरा. बायका म्हणायच्या, एवढा मोठा खेळाडू, बघा आता. मी त्यांना सांगायचे, पीठ घ्या आणि चला.

मग एका रविवारी वस्ताद आले आणि त्याला म्हणाले, ‘चल, बोरिवलीला जायचंय. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू झालाय. लांबचं दिसत नाही.’ दीर गेला. पुढच्या रविवारी अंधेरी. मग मानखुर्द, मग परत मुलुंड. भाडं आणि चहा वस्तादांचा. एकदा मीही गेले. दिराची मान वळत नसल्याने तो अख्खा वळून बघायचा, आणि पोरांना वाटायचं हा माणूस भलताच रागीट आहे. खेळ चालला असताना तो गुण बघत नव्हता. मी विचारलं, भावजी, तुम्ही बघता तरी काय?

‘धरला गेल्यावर आधी कुठे बघतो ते,’ म्हणाला. ‘काही जण लोकांकडे बघतात, काही पंचाकडे. काही पोरं नुसती रेषेकडे बघतात. ती घ्यायची.’

‘तुम्ही कुठे बघितलं होतं?’

‘रेषेकडे. म्हणून तर हे झालं.’ आणि हसला.

आणखी एक गोष्ट तो करायचा, जी वस्ताद आधी करत नव्हते. सामना ठरायच्या आधी तो दोन्ही मंडळांना विचारायचा, तुमच्यात एका गावचे कोण कोण? नातं कुणाशी? मामा-भाचे, सोयरे, शेजारी? एकही निघाला तर तो सामना बघायला यायचा नाही. कोकणातल्याला घाटावरच्यांसमोर उभा करायचा, कोळीवाड्यातल्याला डोंगरावरच्यांसमोर. शिवाय सामना सुरू व्हायच्या आधी राखीव गड्यांसकट सगळ्यांना एका जागी उभं करून सांगायचा, की धरायचं आहे, सगळ्यांनी धरायचं आहे. कुणी उशिरा आला तर खेळ थांबवून त्यालाही सांगायचा. पोरं हसायची. ह्यात सांगण्यासारखं काय आहे, म्हणायची.

वस्ताद निवृत्त झाले तेव्हा त्यांनी साहेबाकडे दिराचं नाव टाकलं. मान मोडलेला माणूस कंपनीच्या संघाला कशाला, असं साहेब म्हणाला. तेव्हा डाव्या कोपऱ्यावरचा संघाचा कॅप्टन झाला होता. तो साहेबाकडे गेला आणि काय बोलला ते त्याने कधी सांगितलं नाही. दिराला घेतलं. कागदावर शिपाई म्हणून, पगार शिपायाचा, काम वस्तादांचं. शिपाई तर शिपाई, नोकरी कायमची होती. सासूने त्या दिवशी स्वतः पेढे आणायला पाठवलं आणि पहिला डाव्या कोपऱ्यावरच्याच्या हातावर ठेवला.

माझ्या नवऱ्याने मंडळ सोडलं होतं. परत तो कधी मैदानावर गेला नाही. दीर रविवारी निघाला की हा पेपर तोंडासमोर धरायचा. ते दार मात्र त्यानेच परत बसवलं होतं, बिजागऱ्या नव्या घालून.

आता त्या दाराभोवती होते त्यांतलं फारसं कुणी राहिलेलं नाही. सासू गेली, वस्ताद गेले, घाटकोपरचा कॅप्टन गेला. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली. डाव्या कोपऱ्यावरचा निवृत्त होऊन गावी गेला आणि तिथेच वारला. दीर त्याच्या बाराव्याला जाऊन आला. दीर आहे. खालच्या मजल्यावर राहतो, मान डावीकडे वळत नाही, भाकऱ्या अजून दोन माणसांच्या खातो. तो आहे आणि मी आहे.